घमेल्यात न पडलेली चिठ्ठी

जाईबाईला चंद्राचं कौतुक कधी वाटलं नाही. सुईणपण केलेल्या बाईला ते परवडतही नाही. पौर्णिमेला बाळंतपणं जास्त होतात, असं घाटनांदूरच्या तिच्या वस्तीत दर दुसरी बाई छातीठोकपणे सांगते. जाईबाईनं आपल्या हातानं दोनशेवर नाळा कापल्या, आणि तिचं म्हणणं एकच, की बाळाला यायचं त्या दिवशी बाळ येतं, मग पौर्णिमा असो की आठवडी बाजार. पुढे सरकारी दवाखाना आला, गाडी दारात येऊन बायकांना घेऊन जाऊ लागली आणि जाईबाईचे हात मोकळे झाले. मोकळे हात तिला सोसवेनात म्हणून तिनं विहारातला झाडू उचलला. तिला कुणी नेमलं नव्हतं, त्यामुळे कुणाला काढताही आलं नाही. आता तिला पासष्टावं चालू होतं. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती, दोन लेकी आपापल्या घरी सुखात होत्या. सकाळी विहार झाडायचा, संध्याकाळी मेणबत्त्या लावायच्या आणि मधल्या वेळात आम्रपालीच्या ओट्यावर बसायचं, असा तिचा दिवस होता.

आम्रपाली ही भिंतीला भिंत लागलेली शेजारीण. दोघी एकाच वर्षी नव्या नवऱ्या होऊन वस्तीत आल्या. आम्रपाली सातवी पास, आणि त्या काळात सातवी पास बाई म्हणजे वस्तीचं पोस्टच. कुणाचं पत्र आलं, शाळेचा कागद आला, औषधाची बाटली आली, की बाया आम्रपालीकडे धावायच्या. ती वाचायची आणि पत्र ठेवूनही घ्यायची, कारण उत्तरही तिलाच लिहायचं असायचं. ती वस्तीची रीतच होती. वर्षावासाच्या तीन महिन्यांत विहारात रोज ग्रंथ वाचला जातो, तोही तिनंच वाचायचा. आवाज असा, की कडेवरचं पोरही रडायचं थांबावं. जाईबाईला अक्षर म्हणजे काळी मुंगी. आम्रपालीनं वाचलं की ते खरं, एवढं तिला पुरत होतं. माणसानं कुणाच्या तरी डोळ्यांवर विश्वास ठेवायलाच हवा, आणि जाईबाईनं तो अख्खाच्या अख्खा ठेवला होता.

जाईबाईला माहेर होतं आणि नव्हतं. बीडजवळ पाली हे तिचं गाव. धाकटा भाऊ सर्जेराव अजून तिथेच राहतो. सदतीस वर्षांपूर्वी त्याचं एक पत्र आलं होतं. आम्रपालीला तेव्हा नववा सरत आलेला. पहिलं बाळ पोटातच गेलेलं, नवरा मुंबईला गोदीत, घरात सासू नाही की नणंद नाही. जाईबाई दिवसभर तिच्या उशाशी असायची. अशा दिवसांत ते पत्र आलं आणि आम्रपालीनं पडल्यापडल्या वाचून दाखवलं: आईला ताप होता, आता उतार आहे, तू घाई करू नकोस, सुगी झाली की सावकाश ये. जाईबाई निर्धास्त झाली. आठव्या दिवशी आम्रपाली बाळंत झाली. बाळ आडवं होतं. जाईबाईनं पहाटेपर्यंत झुंज देऊन मायलेकी दोघींना वाचवलं. मुलीचं नाव प्रियदर्शनी ठेवलं, तेही जाईबाईच्या मांडीवरच.

त्यानंतर चार दिवसांनी बसस्टँडवर पालीचा एक माणूस भेटला आणि त्यानं सहज विचारलं, आईच्या मातीला का आली नाहीस म्हणून. जाईबाई दुसऱ्या दिवशी पालीला गेली, तर सर्जेरावानं तिला उंबऱ्याबाहेरच अडवलं. पत्र टाकलं होतं, असं तो म्हणाला. पत्रात आई बरी हाय असं लिहिलं होतंस, असं ती म्हणाली. दोघंही खरं बोलत होते आणि दोघांनाही दुसऱ्याचं खोटं वाटत होतं. शेवटी सर्जेराव म्हणाला की तुला परक्याचं बाळंतपण आईपरीस मोठं वाटलं, आता या दाराला यायचं नाही. जाईबाई त्याच बसनं परत फिरली. ते पत्र आणून त्याच्या तोंडावर टाकावं म्हणून तिनं ते आम्रपालीकडे मागितलं, तर बाळंतिणीच्या गडबडीत ते चुलीत गेलेलं. जाईबाईनं तेही खरं मानलं. स्वतःच्या चुकीचं खापर भाऊ आपल्यावर फोडतो, ही गाठ तिच्या मनात पक्की बसली. भाचीच्या लग्नाचं आवतन आलं, ती गेली नाही. भावजय वारली, तेव्हाही गेली नाही. रागाला तिनं पोटच्या पोरासारखं सांभाळलं.

आता गेल्या वर्षाची गोष्ट. आम्रपालीच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि ती सात-आठ महिने लेकीकडे, अंबाजोगाईला राहिली. ओटा रिकामा पडला. त्याच सुमारास रुळापलीकडच्या शाळेत म्हाताऱ्या माणसांना लिहायवाचायला शिकवायचा वर्ग निघाला. संगीताबाई नावाची तरुण मास्तरीण घरोघर फिरून बायांना गोळा करत होती. जाईबाईनं आधी नाही म्हटलं. मग तिच्या डोक्यात एक गंमत शिरली. आम्रपाली येईपर्यंत आपण शिकायचं, आणि एक दिवस तिच्यासमोर धाडकन वाचून दाखवायचं. चाळीस वर्षं तू माझ्यासाठी वाचलंस, आता तू डोळे मिट आणि ऐक. नुसत्या त्या विचारानंच तिला हसू फुटायचं.

म्हातारपणी अक्षर शिकणं म्हणजे दात नसताना चणे चावणं. पण जाईबाईनं चावले. पहिल्यांदा आपलं नाव आलं. दोनच अक्षरं, पण वहीची आठ पानं तिनं त्या नावानंच भरली. मार्चमध्ये परीक्षा झाली, ती पास झाली, प्रमाणपत्र आलं. ते तिनं ट्रंकेत साडीखाली दडवलं आणि वर्गातल्या बायांना शपथ घातली, की आम्रपालीला कुणी कळू द्यायचं नाही. आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो. त्या दिवशी ग्रंथाची शेवटची ओळ आम्रपालीच्या हातून घ्यायची आणि आपण वाचायची, असा तिचा बेत होता. संगीताबाईनं तेवढी ओळ तिच्याकडून पन्नास वेळा घोकून घेतली होती.

आम्रपाली वर्षावासाच्या आधीच परतून पुन्हा ग्रंथ वाचू लागली होती. पौर्णिमेला ती विहारात आली. काठी टेकत पण साजरी आली, सोबत प्रियदर्शनी. ही पोर आता अंबाजोगाईच्या कॉलेजात शिकवत होती. दिवस मावळायच्या बेतात वस्तीतल्या पंधरा-वीस बाया पांढऱ्या साड्या नेसून विहाराच्या अंगणात बसल्या आणि प्रियदर्शनीनं सांगायला सुरुवात केली. आज साधी पौर्णिमा नाही, सुपरमून आहे. चंद्राची वाट अगदी गोल नसते, कधी तो दूर असतो, कधी जवळ येतो. आज जवळ आलाय म्हणून मोठा दिसणार, उजेडही जास्त पडणार.

एका म्हातारीनं विचारलं, की मोठा झाला का नुसता दिसतोय? प्रियदर्शनी म्हणाली, आहे तेवढाच आहे, जवळ आला म्हणून मोठा वाटतो. म्हातारी म्हणाली, मग आमच्या सूनबाईसारखंच झालं. सगळ्या हसल्या.

प्रियदर्शनी पुढे म्हणाली, की हल्ली जगभर लोक अशा रात्री स्वतःच्या आत बघतात. मनावर जे ओझं आहे ते कागदावर लिहायचं, कुणाला दाखवायचं नाही, आणि चंद्र उगवला की जाळून टाकायचं. मन हलकं होतं. जिला लिहिता येत नाही तिनं मनातल्या मनात म्हणून कोरा कागद टाकला तरी चालेल. बायांना हे फार आवडलं. न आवडायला काय झालं? चंद्रापाशी कबूल करणं सोपं असतं, तो उलट बोलत नाही. मधोमध विहाराचं लोखंडी घमेलं ठेवलं. त्यात गोवऱ्या आणि कापूर. आग लावायचं काम अर्थातच जाईबाईचं.

जाईबाईनंही एक चिठ्ठी लिहिली होती, घरूनच, चोरून. "सर्जा खोटं का बोलला." एवढंच. ती तिनं सगळ्यांत आधी घमेल्यात टाकली आणि खरंच जरा हलकं वाटलं.

आम्रपाली भिंतीला टेकून बसली होती. तिनं मांडीवर वही ठेवून बराच वेळ लिहिलं, एकदा खोडलं, परत लिहिलं. मग कागद फाडून दोन घड्या घातल्या. तिला उठवेना. बायांच्या एवढ्या गर्दीत लेकीच्या हातात दिला असता तर लेकीनं उघडला असता. ज्याला अक्षर कळत नाही आणि जो घमेल्यापाशी जाणारच आहे, असा एकच हात तिला तिथं दिसला.

"जाई, हे तेवढं टाक गं," असं म्हणत तिनं कागद जाईबाईच्या हातात ठेवला आणि वरून तिचा हात दाबला.

प्रियदर्शनीनं सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं. जाईबाई घमेल्याकडे निघाली. पूर्वेला चंद्र वर येत होता, तांबूस आणि खरोखरच मोठा. अजून दिवसाचा उजेडही सरला नव्हता. कागदाची घडी जरा सुटली होती आणि बाहेरच्या बाजूला दोन अक्षरं दिसत होती. जा. ई. आठ पानं भरून गिरवलेली ती अक्षरं तिला आंधळ्यानंही ओळखावीत तशी ओळखू आली.

तिला वाटलं, आपल्याबद्दल काहीतरी गोड लिहिलंय. कृतज्ञतेचं वगैरे. दुसऱ्याची चिठ्ठी वाचू नये हे तिला कळत होतं, पण आपलं नाव आम्रपालीच्या हातानं लिहिलेलं तिनं जन्मात पहिल्यांदा वाचलं होतं. तिनं घडी उघडली. ओठ हलवत, बोट फिरवत, एकेक अक्षर जोडत ती वाचू लागली. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते, तिला वेळच वेळ होता.

पहिल्या ओळीत भाऊ होता. दुसऱ्या ओळीत आई होती. तिसऱ्या ओळीपाशी ती थांबली, मागे गेली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. आपल्याला नीट वाचता येत नसेल, असं तिला वाटलं. देवाला मानत असती तर तसंच असू दे म्हणून तिनं हात जोडले असते. तिसऱ्यांदाही तीच अक्षरं निघाली. ज्या हातांनी आडवं बाळ फिरवलं ते हात थरथरले नाहीत. तिनं चिठ्ठी कनवटीला खोचली, काडी ओढली आणि घमेलं पेटवलं. तिची स्वतःची चिठ्ठी, सर्जा खोटं का बोलला, ती सगळ्यांत आधी पेटली.

बायांनी डोळे उघडले. जाळ बघून आम्रपालीनं मोठा श्वास सोडला. कितीतरी वर्षांनी तिच्या चेहऱ्यावर पोरीसारखं हसू आलं. शेजारणीला ती म्हणालीसुद्धा, की लेकीनं लई चांगली गोष्ट शिकवली. जाईबाई ते लांबून बघत होती. मघाची गोष्ट तिच्या मनात फिरत होती, जवळचं मोठं दिसतं म्हणून. आम्रपाली भिंतीपलीकडे होती आणि सर्जा तिकडे पालीला. जवळच्या बाईचा शब्द आपण मोठा धरला आणि पाठच्या भावाला सदतीस वर्षं लबाड ठरवलं. तिला आईसाठी रडायचं होतं, पण रागच इतका वर आला होता की रडायला जागा नव्हती.

आता जुनी रीत बाकी होती. वर्षावास संपताना भिक्खू एकमेकांना विचारतात, माझं काही चुकलेलं दिसलं असेल तर सांगा. त्याला पवारणा म्हणतात. या विहारात बायांनी ती आपलीशी करून घेतली होती. एकेकीनं उभं राहायचं, हात जोडून विचारायचं, जिला सांगायचं असेल तिनं सांगायचं. बहुतेक वेळा निघायचं ते नळावरच्या पाळीचं किंवा कोंबडीचं, आणि हसण्यावारी जायचं. आम्रपाली मात्र दरवर्षी विचारताना जाईबाईकडे बघायची आणि जाईबाई दरवर्षी म्हणायची, न्हाई बाई, तुझं काय चुकायचंय.

आम्रपालीची पाळी आली. भिंतीला धरून ती उठली. हात जोडले. यंदा आवाजही मोकळा होता.

"माझं काय चुकलं असंल तर सांगा. जाई, तू सांग."

"हाय," जाईबाई म्हणाली.

बाया हसायच्या तयारीत होत्या. जाईबाईनं कनवटीचा कागद काढला, उलगडला आणि चंद्राच्या बाजूला धरला. मग थांबत थांबत, पण एकही अक्षर न चुकता तिनं वाचलं.

"जाईला भावाचं पत्र आलं होतं. आई जगत नाही, ताबडतोब ये, असं होतं. मी आई बरी आहे असं वाचून दाखवलं. मला बाळंतपणाची भीती होती. जाई गेली असती तर मी मेले असते. नंतर सांगायची हिंमत झाली नाही. आता हे सुटू दे."

चंद्राचा फोटो काढायला प्रियदर्शनीनं वर धरलेला फोन खाली गेला. आम्रपाली कागदाकडे बघत होती, आणि तिच्या तोंडून पहिलं निघालं ते हे:

"तुला वाचाया येतंय?"

"येतंय. आज तुला तेच दाखवायचं होतं."

आम्रपाली मग रडू लागली. सांगणार होते, दरवर्षी सांगणार होते, तू रागानं शेजार तोडशील म्हणून भ्यायले, असं बरंच काही ती बोलली. जाईबाईनं ते सगळं ऐकून घेतलं. बाळंतीण कळा देताना बडबडते ते सुईण ऐकते, तसं.

मग ती म्हणाली, "ते पत्र आता वाच. जसं होतं तसं वाच."

"पत्र कुठं हाय आता?"

"तुला याद हाय. वाच."

आम्रपालीनं मान खाली घातली. तिच्या हातात कागद नव्हता, पण एक शब्द अडला नाही. अवघी सदतीस वर्षं तिनं ते पाठ केल्यासारखं होतं.

"अक्कास जयभीम. आई जास्त आजारी आहे. वैद्यानं हात टेकले. चार दिवस झाले, पाणी घेत नाही. जाईच्या हातचंच घेईन म्हणते. दारात पाऊल वाजलं की तुझं नाव घेते. पत्र मिळताच निघ. मी रोज संध्याकाळी फाट्यावर येऊन थांबतो. तुझा भाऊ सर्जेराव."

रोज संध्याकाळी फाट्यावर. हे जाईबाईला ठाऊक नव्हतं, चिठ्ठीतही नव्हतं. तेव्हाचा बावीस-तेवीस वर्षांचा सर्जा, शेवटची बस जाईपर्यंत फाट्यावर उभा. तिचा पदर तोंडाशी गेला आणि इतका वेळ अडलेलं रडू एकदाचं आलं. प्रियदर्शनी उठून तिच्याजवळ आली, पण हात लावायला धजेना. पायाशीच बसून राहिली.

"तुझा काय दोष न्हाई पोरी," जाईबाई तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली. "तू तर पोटात होतीस."

आम्रपालीच्या डोक्यावर मात्र तिनं हात ठेवला नाही. ती काठी टेकत जवळ आली होती, वाकता येत नसताना वाकायला बघत होती. जाईबाई मागे सरकली. अर्ध्या वस्तीला वाटलं, आता माफ करावं, दिवस एवढा मोठा आहे. एकीनं तसं म्हटलंही. जाईबाईनं पदरानं डोळे पुसले.

मग ती स्वतः उभी राहिली, कारण शेवटची पाळी तिची होती. हात जोडून तिनं विचारलं, माझं काही चुकलं असेल तर सांगा. आणि कुणी सांगायच्या आत तीच म्हणाली, "माझं चुकलं. म्या माझ्या भावाला इचारलं न्हाई. हिनं वाचलं तेच खरं धरलं."

बाया उठल्या. ग्रंथाची शेवटची ओळ त्या वर्षी कुणीच वाचली नाही. जाईबाईनं सवयीनं घमेल्यातली राख उचलली, अंगण झाडलं, मेणबत्त्या विझवल्या. आम्रपाली पायरीवर बसून होती.

"ती चिठ्ठी जाळून टाक ना गं," ती म्हणाली. "लेकीदेखत वाचलीस, झालं न्हवं तुझं?"

"पालीला न्यायची हाय. सर्जाला वाचून दावायची."

"मी येते संगं. मी सांगते त्याला सगळं. माझ्या तोंडानं सांगते."

"नको," जाईबाई म्हणाली. "माझं मी वाचते आता."

सकाळी ती अंबाजोगाईला गेली आणि तिथून पुढच्या बसची वाट बघत स्टँडवर उभी राहिली. एरवी ती कुणाला तरी विचारायची, ही गाडी कुठली म्हणून. त्या दिवशी तिनं कुणालाच विचारलं नाही. पाटीवर दोनच अक्षरं होती, बीड. ती तिनं दोनदा वाचली, कनवटीची चिठ्ठी चाचपली आणि गाडीत चढली.